हीबीवरचा संशय

१९३९ सालच्या ऑगस्टात, ऐन पावसाळ्यात, अकोला जिल्ह्यातल्या अंदुरा इथे आकाशातून दगड पडला. सतरा-अठरा किलोंचा ऐवज. अशनींच्या जागतिक यादीत त्याची नोंद ‘अंदुरा, एच-६’ अशी आहे. १९५९च्या एप्रिलमध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या प्रीब्रामजवळ एक अशनी पडला. पडताना कॅमेऱ्यांनी टिपल्यामुळे ज्याची कक्षा मोजता आली असा तो पहिलाच. तोही एच गटातला. २८ जानेवारी १९७६च्या रात्री गुजरातेत, सुरेंद्रनगर जिल्ह्यातल्या धजाळा परिसरात दगडांचा सडा पडला. पुन्हा एच. लोकांनी पडताना पाहिलेल्या अशनींचा हिशोब मांडला, तर दर तिनातला एक या गटाचा निघतो. आणि ही जातकुळी इतकी एकसारखी, की अकोल्याचा दगड आणि बोहेमियातला दगड एकाच घरचे आहेत हे रसायनशास्त्रज्ञ बिनदिक्कत सांगतात.

मग ते घर कोणतं? विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला एक ठाम उत्तर मिळालं होतं: हीबी. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यातला सहाव्या क्रमांकाचा लघुग्रह. व्यास सुमारे १९० किलोमीटर. मुंबई ते पुणे हे सरळ रेषेतलं अंतर सव्वाशेच्या आसपास भरतं. हीबी त्याच्या दीडपट रुंद. खडकाळ लघुग्रहांत पहिल्या पाच-सहांत बसणारा. सूर्याभोवती एक फेरी पावणेचार वर्षांत, स्वतःभोवती गिरकी सव्वासात तासांत. त्याच्या पृष्ठावर उभं राहून हातातला खडा मीटरभर उंचीवरून सोडला, तर तो खाली टेकायला साडेचार सेकंद लागतील. साठ किलोंच्या माणसाचं वजन तिथे जेमतेम अर्धा-पाऊण किलो.

हीबीवर संशय कसा बसला आणि तो कसा उडत गेला, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. पण त्याआधी हीबी शोधणाऱ्या माणसाला ओलांडून पुढे जाववत नाही.

कार्ल लुडविग हेंके हा प्रशियातल्या ड्रीझेन गावचा. ते गाव आता पोलंडमध्ये आहे, नाव द्रेझ्देंको. तरुणपणी नेपोलियनविरुद्धच्या लढाईत स्वेच्छेने उतरला, जखमी झाला, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाला. विद्यापीठाशी संबंध नाही, वेधशाळा नाही. स्वतःची दुर्बीण आणि स्वतः काढलेले ताऱ्यांचे नकाशे एवढंच भांडवल. त्या काळी लघुग्रह चारच माहीत होते: सेरेस, पॅलास, जुनो आणि वेस्टा. वेस्टा सापडला १८०७ साली आणि त्यानंतर जवळजवळ चार दशकं सगळं सामसूम. असतील तेवढे सापडले, असं मानून बड्या खगोलशास्त्रज्ञांनी नाद सोडला होता. हेंकेने १८३०च्या सुमारास तो धरला आणि पंधरा वर्षं सोडला नाही.

त्याचं काम कसं चालत असेल हे डोळ्यांसमोर आणून पाहावं. आकाशाचा एक लहानसा तुकडा घ्यायचा. त्यातला दिसेल तो प्रत्येक तारा, अगदी अंधुकसुद्धा, कागदावर जागच्या जागी उतरवायचा. काही दिवसांनी तोच तुकडा पुन्हा पाहायचा. नकाशात नसलेला एखादा ठिपका दिसला, तर आधी स्वतःवरच अविश्वास दाखवायचा, कारण बहुतेक वेळा चूक कागदावरची असते. दुसऱ्या रात्री तो ठिपका जागेवरून हलला असेल तरच पुढची गोष्ट. यात प्रतिभेचा चमत्कार नाही. टपाल खात्यातल्या कारकुनाला अंगवळणी पडलेली चोख नोंद आहे. मला तर वाटतं, या कामाला विद्यापीठातल्या प्राध्यापकापेक्षा तोच जास्त लायक होता. ८ डिसेंबर १८४५ला त्याला पाचवा लघुग्रह अॅस्ट्रिया सापडला आणि १ जुलै १८४७ला सहावा.

या सहाव्याचं नाव ठेवायची विनंती हेंकेने गाउसला केली. सेरेस सूर्यप्रकाशात हरवला होता तेव्हा चोविशीच्या गाउसने कागद-पेन्सिलीच्या जोरावर त्याची कक्षा काढून तो पुन्हा मिळवून दिला होता. आता तो सत्तरीचा होता. त्याने ग्रीक देवांना पेयाचे चषक भरून देणाऱ्या हीबीचं नाव सुचवलं. तेव्हा लघुग्रहांना ग्रहांसारखी चिन्हं देण्याची पद्धत होती. हीबीला अर्थातच पेल्याचं चिन्ह मिळालं. पद्धत फार काळ टिकली नाही. त्याच वर्षी जॉन रसेल हाइंडने लंडनहून आणखी दोन लघुग्रह शोधले, पुढे तर रांगच लागली, आणि चिन्हांच्या जागी साधे आकडे आले.

त्यानंतर दीडशे वर्षं हीबी म्हणजे यादीतला एक आकडा. मध्येच १९७७च्या ५ मार्चला त्याने जरा खळबळ उडवली. त्या दिवशी तो तिमिंगल तारकासमूहातल्या गॅमा सेटी या ताऱ्यासमोरून गेला. अशा प्रसंगाला पिधान म्हणतात. लघुग्रहाची सावली पृथ्वीवरून सरकते. त्या पट्ट्यात ठिकठिकाणी निरीक्षक बसतात आणि तारा कधी विझला, कधी उजळला याच्या वेळा नोंदवतात. प्रत्येकाच्या नोंदीतून लघुग्रहाची एकेक जीवा मिळते आणि त्या जोडल्या की आकार उभा राहतो. दुर्बीण लहान चालते, पण घड्याळ पक्कं लागतं. हौशी निरीक्षकांनी व्यावसायिकांच्या पंगतीला बसावं असा हा प्रांत आहे, आणि पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी १९४४पासून चालत आलेली मंडळं ज्या राज्यात आहेत तिथे हे सांगायलाच हवं. हीबी साधारण दर सोळा महिन्यांनी प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या समोरच्या बाजूला, येतो आणि चांगल्या प्रतियुतीत साध्या लहान दुर्बिणीत दिसतो.

तर १९७७च्या पिधानात हीबीचा व्यास १८६ किलोमीटर भरला. पण पॉल मेली या निरीक्षकाला तारा आणखी एकदा, वेगळाच विझलेला दिसला. हीबीला चंद्र आहे की काय? लघुग्रहालाही चंद्र असू शकतो ही कल्पनाच तेव्हा अनेकांना पचत नव्हती. गमतीने त्या चंद्राचं नाव ‘जेबे’ पडलं. तो पुन्हा कुणालाही दिसला नाही. लघुग्रहाचा पहिला पक्का चंद्र मिळाला तो १९९३ साली गॅलिलिओ यानाने काढलेल्या इडाच्या छायाचित्रांत. इडा कोरोनिस कुटुंबातला, म्हणजे एकाच फुटलेल्या लघुग्रहाच्या तुकड्यांपैकी एक. हे कुटुंब लक्षात ठेवा. हीबीचा दुसरा मानही पुढे त्यानेच पळवला.

आता दगडाकडे येऊ. एच गटातला अशनी हातात घेतला की पहिल्यांदा जाणवतं ते वजन. तेवढ्याच आकाराच्या आपल्या काळ्या बेसाल्टपेक्षा तो भारी लागतो. वरून काळी, मिलिमीटरभरही जाड नसलेली जळकी साल. वातावरणातून येताना पृष्ठ वितळून थिजल्याची खूण. काही तुकड्यांवर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे. कापून घासला की आत राखाडी खडक, त्यात ठिकठिकाणी चमकणारे लोह-निकेलचे कण, आणि जो तुकडा फार तापला नसेल त्यात मोहरीएवढे गोल दाणे. या दाण्यांना कॉन्ड्र्यूल म्हणतात आणि त्यांच्यावरून असल्या अशनींना कॉन्ड्राइट. सूर्यमाला घडत होती तेव्हा अवकाशात वितळून थेंब झालेलं हे द्रव्य साडेचार अब्ज वर्षांहून जुनं आहे. लोहचुंबक जवळ नेला की दगड ओढला जातो. गटाच्या नावातला ‘एच’ म्हणजे लोह जास्त असलेला. त्याच्या खालोखाल लोह असणारे ते ‘एल’. दोन्ही मिळून पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींचे दोन तृतीयांशांहून जास्त.

एवढा माल सतत पुरवणारा कुणीतरी असणारच. १९९८ साली मायकेल गॅफी आणि सारा गिल्बर्ट यांनी हीबीवर आरोपपत्र ठेवलं. त्यांचा पुरावा तीन पायांवर उभा होता. पहिला पाय वर्णपटाचा. खडकावरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशात ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही खनिजं एक आणि दोन मायक्रॉनच्या आसपास ठरावीक खाचा पाडतात. हीबीच्या खाचा एच गटाशी जुळत होत्या. गिरकीबरोबर वर्णपट बदलत होता, त्यावरून त्याच्या काही भागात धातू उघडा पडला असावा असंही गॅफींनी म्हटलं. आणि दोन-ई नावाचे लोहाचे विरळ अशनी, ज्यांच्यातला खडकाचा अंश एच गटाशी नातं सांगतो, त्यांचंही मूळ तिथेच लावलं. दुसरा पाय आकाराचा: एवढा मोठा, म्हणजे पुरवठा करायची ऐपत असलेला. तिसरा पाय जागेचा, आणि तोच सर्वांत बळकट वाटत होता.

जागेचं महत्त्व कळायला डॅनियल कर्कवूडची आठवण काढावी लागते. १८६६ साली या अमेरिकी गणितज्ञाच्या लक्षात आलं, की लघुग्रहांच्या पट्ट्यात काही अंतरांवर मोकळे पट्टे आहेत. सूर्यापासून अडीच खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वीच्या अडीच पट अंतरावर, असलेला लघुग्रह गुरूच्या एका फेरीत बरोबर तीन फेऱ्या करतो. गुरूचा ओढा त्याला ठरावीक जागी पुन्हा पुन्हा बसतो आणि त्याची कक्षा लांबट होत होत पृथ्वीच्या वाटेला येते. म्हणजे ही पट्ट्यातली घसरगुंडी. हीबी आहे २.४३ एककांवर, घसरगुंडीच्या काठावर. त्याच्यावर काही आदळलं तर उडालेला चुरा सहज तिच्यात पडेल आणि काही दशलक्ष वर्षांत आपल्या अंगणात येईल. पाठ्यपुस्तकांतून हीबीचं नाव एच गटापुढे छापलं जाऊ लागलं.

एक अडचण मात्र जुनीच होती. खडकाळ लघुग्रहांचा रंग अशनींपेक्षा तांबूस दिसतो. दगड तिथले असतील तर रंग का जुळत नाही, यावर पिढ्यानपिढ्या वाद झाले. सौरवारा आणि सूक्ष्म उल्कांचा मारा यांनी पृष्ठाचा रंग बदलतो, असं एक बाजू म्हणत होती. तो वाद जपानच्या हायाबुसा यानाने मिटवला. २००५ साली ते इतोकावा या छोट्या लघुग्रहाला टेकलं, वाटेत इंजिनं बिघडली, संपर्क तुटला, तरी रखडत रखडत १३ जून २०१० रोजी त्याची कुपी ऑस्ट्रेलियात उतरली. आत धुळीचे बारीक कण होते. ते साध्या कॉन्ड्राइटचे निघाले आणि त्यांच्यावर अवकाशातल्या झिजेची पातळ पुटं सापडली. खडकाळ लघुग्रह आणि आपल्याकडचे दगड एकाच द्रव्याचे, हे त्या चिमूटभर धुळीने पक्कं केलं. हीबीवरचा संशय आणखी घट्ट झाला म्हणायला हरकत नव्हती.

पण संशय घट्ट होणं वेगळं आणि गुन्हा सिद्ध होणं वेगळं. २०१७ साली मिकाएल मार्से आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या पारानालच्या महादुर्बिणीतून काढलेल्या प्रतिमांवरून हीबीचं त्रिमितीय रूप उभं केलं. घनता पाण्याच्या साडेतीन पट आली, म्हणजे जवळजवळ अखंड खडक. आतून भुसभुशीत नाही, फुटून पुन्हा गोळा झालेला नाही. पृष्ठावर पाच मोठे खळगे दिसले. सर्वांत मोठ्या खळग्यातून किती माल उडाला असेल याचा हिशोब केला, तर तो आसपासच्या त्याच जातीच्या लघुग्रह-कुटुंबांतल्या मालाच्या एक पंचमांश भरला. शिवाय हीबीभोवती त्याचं स्वतःचं असं उघड कुटुंबही नाही. जगातले एक तृतीयांश दगड याने पुरवले म्हणावं, तर घरातून तेवढं काही गेल्याची खूणच नाही. संशोधकांनी सावध भाषेत लिहिलं, की हीबी हा एच गटाचा मुख्य स्रोत नसावा.

मग खरा पुरवठादार कोण? उत्तर २०२४च्या ऑक्टोबरात ‘नेचर’मध्ये आलं. मिरोस्लाव ब्रोझ, पिएर व्हेर्नाझा, मार्से आणि इतरांनी म्हटलं, की पृथ्वीवर पडणारे जवळपास सत्तर टक्के अशनी फक्त तीन अलीकडच्या टकरींतून येतात. एच गटाच्या वाट्याला त्यांतल्या दोन: एक ५८ लाख वर्षांपूर्वीची, कारिन कुटुंब जन्माला घालणारी, दुसरी ७६ लाख वर्षांपूर्वीची, कोरोनिसची. दोन्ही त्या कोरोनिस कुटुंबाच्या अंगणातल्या, जिथला इडा. कारिन हा तर वीस किलोमीटरच्याही आतला. हीबीपुढे किस झाड की पत्ती.

यातली एक खूण दगडांच्या पोटातच होती. मोठ्या खडकातून सुटलेल्या तुकड्यावर विश्वकिरणांचा मारा सुरू होतो आणि त्यातून काही विशिष्ट वायू साठत जातात. ते मोजले की तुकडा किती काळ उघड्यावर भटकला हे कळतं. एच गटातल्या पुष्कळ दगडांचं हे वय सात-आठ दशलक्ष वर्षांच्या आसपास गर्दी करतं, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. त्या सुमारास कुठेतरी मोठा आपटबार झाला होता एवढं कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं. आणखी एक खूण आकाशातच पसरलेली होती: अवरक्त प्रकाशात दिसणारे धुळीचे पट्टे. त्यांतल्या एकाचा कल २.१ अंश आहे, कोरोनिस कुटुंबाच्या कक्षांइतकाच. हीबीची कक्षा पंधरा अंशांनी कललेली.

मुद्दा असा, की आपल्याकडे पडणारा दगड बहुधा मीटरभर तुकड्याचा उरलेला भाग असतो, आणि मीटरभर तुकडे फार टिकत नाहीत. ते एकमेकांवर आपटून भुगा होतात. उरलेल्यांना सूर्याची ऊब हलवते. तापलेली बाजू गिरकी घेऊन सावलीत जाताना उष्णता बाहेर टाकते आणि त्या अत्यल्प धक्क्याने कक्षा हळूहळू सरकते. १९००च्या सुमारास ही कल्पना इव्हान यार्कोव्हस्की या रशियात काम करणाऱ्या इंजिनिअरने एका पुस्तिकेत मांडली होती. पुस्तिका विस्मरणात गेली आणि दशकांनंतर कल्पना पुन्हा उकरून काढली गेली. टपाल कारकून काय, इंजिनिअर काय, या विषयाला बाहेरच्यांनी बरंच दिलं आहे. तर सरकत सरकत तुकडे एखाद्या घसरगुंडीत पडतात आणि पट्ट्यातून निघून जातात. काही कोटी वर्षांत जुन्या टकरीचा बारीक माल संपतो. म्हणून आज आपल्याला मिळतो तो ताज्या टकरीचा माल, मग ती टक्कर किरकोळ लघुग्रहाची का असेना. संग्रहालयातली अशनींची कपाटं म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्याचा नमुना, असं आपण समजत आलो. ती कपाटं तर अलीकडच्या दोन-चार अपघातांनी भरलेली आहेत.

तिसऱ्या टकरीचा धागा आपल्या विदर्भापर्यंत येतो. २२ मे २०१२च्या दुपारी, रणरणत्या उन्हात, संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या काटोलच्या परिसरात धडाडधूम आवाज झाले आणि दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तुकडे गोळा केले. काटोलचा अशनी एल गटातला, एल-६. त्याच्या अंगात वितळून थिजलेल्या काळ्या शिरा आहेत आणि २०२१ साली आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी त्या शिरांत ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचं जाहीर केलं. पृथ्वीच्या पोटात, साडेसहाशे किलोमीटरच्या खाली, सर्वांत जास्त असलेलं खनिज हेच. पण तिथला नमुना आपल्या हाती लागणं अशक्यप्राय. काटोलच्या दगडात ते तयार झालं एका भीषण टकरीच्या क्षणिक दाबातून.

नव्या संशोधनानुसार ही टक्कर झाली मॅसालिया नावाच्या खडकाळ लघुग्रहावर. व्यास एकशेचाळीस किलोमीटरच्या घरात. १८५२च्या १९ सप्टेंबरला नेपल्सहून अॅनिबाले दे गास्पारिसने तो शोधला आणि दुसऱ्याच रात्री मार्से शहरातून शाकोर्नाकने स्वतंत्रपणे. मान नेपल्सला आणि नाव त्या शहराचं, अशी वाटणी झाली. सुमारे ४६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी त्याच्यावर मोठा घाव बसला. तेव्हा पृथ्वीवर एल गटाच्या दगडांचा इतका मारा झाला की स्वीडनमधल्या चुनखडीच्या खाणींत त्या काळचे शंभराहून अधिक अशनी जीवाश्मांसारखे दगडात बसलेले सापडले आहेत. नंतर मॅसालिया सावरला. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी पुन्हा घाव बसला, आणि आज पडणारे एल गटाचे दगड त्या दुसऱ्या घावाचे.

यातून हीबी पुरता सुटला का? नाही. त्याचं द्रव्य एच गटाशी जुळतं हे कुणी नाकारलेलं नाही. पाच खळग्यांतून गेलेला माल कुठेतरी गेलाच आहे, आणि त्यातले थोडे तुकडे आपल्या कपाटांत असणं अगदी शक्य आहे. मुख्य पुरवठादार हे बिरुद मात्र गेलं. लोहाच्या दोन-ई अशनींचा प्रश्न तर खुलाच आहे. हीबीच्या अंगावर खरोखर धातूचे उघडे पट्टे असतील, तर गॅफींचं निम्मं म्हणणं अजून जिवंत आहे. त्याचा निकाल तिथली धूळ आणल्याशिवाय लागायचा नाही. हीबीजवळ आजवर एकही यान गेलेलं नाही. ज्या पंधरा अंशांच्या कलामुळे त्याची बाजू पडती झाली, तोच कल तिथे जाणंही महाग करतो: ग्रहांची पातळी सोडून एवढं वर चढायला आणि तिथे वेग जुळवायला इंधन फार लागतं.